पिकअपच्या पाठीवर कॅम्पर: गाडी कशी तयार करायची

फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप दारात उभी आहे, तिच्या पाठीवर कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची पेटीसारखी खोली, चढवून लांबच्या प्रवासाला निघायचं, असं एकदा ठरलं की बहुतेक जण पहिली खरेदी करतात ती मोठ्या टायरांची आणि उंची वाढवणाऱ्या किटची. दोन्ही दिसायला झकास आणि एका दिवसात लावून मिळतात. खरं तर सगळ्यात आधी हातात घ्यायला हवेत ते कागद-पेन्सिल, आणि त्यानंतर गाठायचा तो वजनकाटा. गाडी किती वजन पेलू शकते आणि ते वजन नेमकं कुठे बसणार, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पाटे (मागच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कुठले, टायर कुठले, हे त्यातूनच ठरत जातं. क्रम उलटा केला की तेच काम दोनदा करावं लागतं. आम्ही ते दोनदा केलं आहे, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितो आहे.

पहिलं काम: किलोंचा हिशेब

दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत तीन आकडे सापडतील: भरलेल्या गाडीचं कमाल वजन, म्हणजे जीव्हीएम, पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा. तिन्ही लिहून घ्या. जीव्हीएममधून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं ते तुमचं भांडवल. मात्र 'रिकामी गाडी' म्हणजे काय, याची व्याख्या कंपनीगणिक बदलते. कुणी टाकी भरून मोजतं, कुणी थोडंसंच इंधन घालून. कुणी ड्रायव्हरचे 75 किलो त्यात धरतं, कुणी धरत नाही. त्यामुळे पुस्तिकेतला आकडा सुरुवातीला ठीक. खरा आकडा काट्यावरच कळतो.

एक उदाहरण मांडून पाहू. जीव्हीएम 3050 किलो, रिकामी गाडी 2050 किलो. हातात 1000 किलो. ऐकायला भरपूर. आता खर्च टाकत चला. पुढचा बुलबार (नाकावरचा लोखंडी कठडा) आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) मिळून 90. दोन माणसं 150. डिझेल एका लिटरला साधारण 840 ग्रॅम, म्हणजे 80 लिटरचे 67. पोटाखालच्या संरक्षक प्लेटा 40. जाड पाटे आणि वजनदार टायर यांची वाढ 40. पिण्या-वापरण्याचं पाणी 80 लिटर, म्हणजे सरळ 80 किलो. कपडे, शिधा, हत्यारं, चिखलातून गाडी काढायचं सामान हे कितीही आवरलं तरी 120. बेरीज 587. उरले 413. आणि मर्यादेच्या काठावर गाडी चालवायची नाही, शंभरएक किलो हातचे राखायचे, असं धरलं तर कॅम्परच्या वाट्याला येतात 313 किलो.

हा आकडा पाहून बरेच जण गप्प होतात. कडक भिंतींचे बहुतेक कॅम्पर यात बसत नाहीत. वर उचलून उघडणारे, कापडी बाजूंचे पॉप-अप कॅम्पर बसू शकतात, तेही निवडून घेतले तर. म्हणून कॅम्पर पसंत करायच्या आधी हा कागद तयार हवा.

कॅम्परच्या जाहिरातीत लिहिलेलं वजनही जपून वाचा. ते बहुतेक वेळा कोरडं वजन असतं: पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, आणि ऐच्छिक म्हणून घेतलेला चांदवा, सोलर पॅनेल, फ्रिज यांतलंही काही नाही. आमचा पहिला कॅम्पर कागदावर 450 किलोंचा होता. घरी आणून, जोडण्या करून, रिकामाच काट्यावर घातला तर 590 भरला. विकणाऱ्याने खोटं सांगितलं असं म्हणता येणार नाही. आम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा, आणि शक्य असेल तर ताबा घेण्याआधी वजन करून मागा.

वजन कुठे बसतं, ते किती आहे याइतकंच मोलाचं

हा भाग सावकाश वाचा. यात चूक झाली तर पुढचे सगळे इलाज तोकडे पडतात.

पिकअप म्हणजे दोन टेकूंवर ठेवलेली फळी समजा. पुढचा टेकू म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल, मागचा टेकू म्हणजे मागचा. दोघांमधलं अंतर धरू 3.2 मीटर. भरलेला कॅम्पर 600 किलोंचा. त्याचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या 20 सेंटिमीटर पुढे असेल तर मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे 562 किलो पडतात आणि 38 पुढच्यावर. तोच गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या 40 सेंटिमीटर मागे गेला तर? मागच्या अ‍ॅक्सलवर 675 किलो पडतात, म्हणजे कॅम्परच्या वजनापेक्षा 75 जास्त, आणि तेवढंच वजन पुढच्या चाकांवरून उचललं जातं. सी-सॉच्या फळीसारखंच. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं, ब्रेकची पकड घटते, आणि चढावर वळताना गाडी नाकासमोर सरळच जाऊ पाहते.

चार दारांच्या पिकअपमध्ये हा प्रश्न हमखास येतो, कारण केबिन लांब आणि हौदा, म्हणजे मागचा सामानाचा उघडा भाग, आखूड. हौद्याचा बराचसा भाग मागच्या अ‍ॅक्सलच्या मागेच असतो. दोन दारांच्या किंवा दीड केबिनच्या गाडीत हौदा लांब असल्यामुळे कॅम्पर पुढे सरकवता येतो. अजून गाडीच घ्यायची असेल आणि फिरणारे दोघेच असाल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: चार दारांचा मोह सोडा.

गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी काढता येतं. गाडी कॅम्परशिवाय काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या अगदी जवळ यायला हवं. नसेल येत तर काट्याभोवतीची जमीन समपातळीत नाही, दुसरा काटा शोधा. मग कॅम्पर चढवून, आतलं सामान आणि पाणी भरून, हेच सगळं पुन्हा. माणसं आणि टाकीतलं डिझेल दोन्ही वेळेला सारखंच ठेवा. आता पुढच्या अ‍ॅक्सलवर जेवढं वजन वाढलं त्याला दोन अ‍ॅक्सलमधल्या अंतराने गुणा आणि कॅम्परच्या वजनाने भागा. समजा पुढे 30 किलो वाढले, तर 30 गुणिले 3.2 भागिले 600, उत्तर 0.16. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या 16 सेंटिमीटर पुढे आहे. पुढचं वजन कमी झालेलं दिसलं तर तो अ‍ॅक्सलच्या मागे आहे, आणि सामानाची मांडणी बदलायला हवी.

मांडणी बदलायची म्हणजे काय? पाण्याची टाकी, बॅटरी, हत्यारांची पेटी हे तिन्ही केबिनच्या पाठीला लागून आणि जमिनीलगत. मागच्या दाराशी फक्त हलकं सामान: अंथरुणं, खुर्च्या, कपडे. मागच्या बाजूला दोन स्टेपनी, इंधनाचे डबे आणि सायकली टांगलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. शेवटच्या टोकाला टांगलेल्या 50 किलोंचा चेसिसवरचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा, ताण केबिनमागे ठेवलेल्या 50 किलोंच्या कितीतरी पट असतो.

चेसिस: जिथे चूक माफ होत नाही

एकदा एका मुक्कामावर शेजारी उभ्या असलेल्या पिकअपचा मालक टॉर्च घेऊन गाडीखाली पडला होता. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट खाली दोन बोटं आणि वर चार बोटं झाली होती. त्या फटीच्या बरोबर खाली, चेसिसच्या तुळईवर, रंगाला केसासारखी बारीक चीर गेलेली. त्याने नखाने रंग खरवडला, तर चीर लोखंडातही होती. कॅम्पर जड, मागे सायकलींचा स्टँड, आणि गाडी बसू नये म्हणून मागे हवेच्या बॅगा टच्च भरलेल्या. हे तिन्ही एकत्र आलं की असंच होतं, आणि का होतं ते समजून घ्यायला हवं.

पाट्यांची स्प्रिंग चेसिसला दोन ठिकाणी धरते: पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला, शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यापाशी. या दोन आधारांमध्ये मीटर-सव्वा मीटरचं अंतर असतं, त्यामुळे भार वाटला जातो. हवेची बॅग मात्र अ‍ॅक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये एकाच जागी बसते. ती फुगवली की पाट्यांवरचा भार हलका होतो आणि तो सगळा मधल्या एका बिंदूवर येतो. मागचा आधार जवळजवळ मोकळा. आता अ‍ॅक्सलच्या मागे लोंबणारं वजन तरफेसारखं खाली ओढतं, बॅग मधून वर ढकलते, आणि प्रत्येक खड्ड्याला तुळई वाकवली जाते. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो तसंच. गाडी वरून पाहिली तर छान समपातळीत उभी असते, म्हणून मालकाला शंका येत नाही.

म्हणजे हवेच्या बॅगा वाईटच का? तसं नाही. योग्य पाटे बसवल्यावर उरलेला थोडासा झोल काढायला, किंवा डावी-उजवी बाजू सारखी करायला कमी दाबाने वापरल्या तर त्या उपयोगी आहेत. कमजोर पाट्यांची उणीव त्यांनी भरून काढावी ही अपेक्षा चुकीची. मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत ही भीती कमी, कारण तिथे भार मुळातच एका जागी येतो आणि चेसिस त्या हिशेबाने बनवलेली असते.

चेसिसच्या तुळईला स्वतःहून भोकं पाडू नका. तिच्या वरच्या आणि खालच्या कडांवर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथलं एक भोक म्हणजे चिरेचं उगमस्थान. कारखान्यातून आलेली भोकं वापरा. नवीन पाडणं अटळच असेल तर उभ्या भिंतीच्या मध्यभागी, आणि तेही जाणकाराकडून. तुळईवर वेल्डिंग नको. गाडीवर इतरत्र कुठेही वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीची जोडणी काढा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट जळू शकतात.

पाटे आणि शॉकअब्सॉर्बर

पाट्यांची निवड करताना विक्रेत्याला एकच गोष्ट सांगायची: मागच्या अ‍ॅक्सलवर *कायम* किती किलो जास्त असणार. 'कधीकधी 600' आणि 'सतत 400' यांसाठी वेगवेगळे पाटे असतात. कॅम्पर कायमचा बसवणार असाल तर सतत भाराचे पाटे घ्या. सुटीपुरता चढवून एरवी काढून ठेवणार असाल तर मध्यम पाटे घ्या. जड पाट्यांवर रिकामी गाडी उसळते आणि ओल्या वळणावर मागचं टोक निसटतं.

पाटे बदलण्याआधी आणि नंतर चारही चाकांपाशी माप घ्या: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत, टेपने, समपातळीच्या जमिनीवर. वहीत लिहून ठेवा. भरलेली गाडी मागे किंचित खाली बसलेली असली तरी चालेल, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. स्वयंपाकाचा ओटा आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असेल तर फरक हमखास दिसतो.

नवीन पाट्यांसोबत नवीन यू-बोल्ट, म्हणजे पाटे जखडून ठेवणारे यू आकाराचे बोल्ट, घालायचे. जुने एकदा ताणले गेलेले असतात, ते पुन्हा नीट पकड देत नाहीत. आणि घट्ट करताना गाडी जॅकवर लोंबकळत ठेवून नाही, चाकांवर उभी करून. तसंच पाट्यांच्या टोकांचे रबरी बुशवाले बोल्टही, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो.

जड पाटे जास्त जोराने परत उसळतात, म्हणून त्यांना तोलणारे शॉकअब्सॉर्बरही हवेत. खडबडीत, लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर तासभर चालल्यावर शॉकअब्सॉर्बरमधलं तेल इतकं तापतं की त्याचा प्रतिकार उतरतो आणि गाडी होडीसारखी डोलायला लागते. अशा रस्त्यांवर जायचं असेल तर मोठ्या व्यासाचे, जास्त तेलाचे घ्या. उंची वाढवायचीच असेल तर 40-50 मिलिमीटरवर थांबा. त्याहून वर गेलं की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरक्या कोनात फिरून झिजतात, आणि ज्या गाडीच्या पाठीवर घर आहे तिचा गुरुत्वमध्य आणखी उंच नेण्यात शहाणपण नाही.

ब्रेकची एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलवर एक छोटी दांडी असते, ती चेसिसवरच्या एका वाल्वला जोडलेली असते. गाडी भाराने बसली की दांडी वर सरकते आणि वाल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी असली की कमी दाब, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. आता तुम्ही उंच पाटे बसवले. गाडीवर 600 किलो आहेत, पण ती बसलेली नाही. वाल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक जवळजवळ काम करत नाहीत, सगळा भार पुढच्या ब्रेकवर, आणि उतारावर पॅडचा जळका वास.

आमच्या गाडीत हेच झालं होतं. पाटे बदलून देणाऱ्याने दांडीकडे पाहिलंच नव्हतं. दांडीचा वरचा कंस काही सेंटिमीटर सरकवल्यावर पेडलचा अंदाजच बदलला. त्यामुळे पाटे बदलले की लगेच गाडीखाली पाहा, अशी दांडी असेल तर ती नव्या उंचीप्रमाणे जुळवून घ्या. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं, तिथे दांडी नसते.

बाकी ब्रेकचं काम साधं आहे: चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि लांब उतारावर खालचा गिअर.

टायर

टायरच्या भिंतीवर मापानंतर एक आकडा असतो, तो भारांक. 112 म्हणजे एक टायर 1120 किलो पेलतो, 116 म्हणजे 1250, 121 म्हणजे 1450. एलटी, म्हणजे लाइट ट्रक, जातीच्या टायरवर 121/118 अशी जोडी दिसते. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकांसाठी. तुमच्या मागच्या अ‍ॅक्सलवरचं काट्यावर भरलेलं वजन दोनाने भागा, आणि भारांक त्याच्यापेक्षा ऐसपैस वर ठेवा. रिमवरही त्याची मर्यादा कोरलेली असते, तीही वाचा. दिखाऊ अलॉय रिम इथे कमी पडू शकतात.

टायरचं माप वाढवताना थोडं गणित करा. 265/65 आर 17 चा व्यास साधारण 776 मिलिमीटर, 285/70 आर 17 चा 831. म्हणजे सात टक्के जास्त. स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 107 ने धावत असते, आणि प्रत्येक गिअर सात टक्क्यांनी लांब होतो. जड गाडीला याचा त्रास चढावर होतो. मूळ माप, जास्त भारांक, ही जोडी कॅम्परसाठी उत्तम.

हवेचा दाब टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यावरून ठरवा, आणि पुढे-मागे वेगळा ठेवा. वाळूत दाब कमी करावा लागतो, पण हलक्या जीपवाल्याने सांगितलेला आकडा जसाच्या तसा घेऊ नका. जड गाडीच्या टायरची भिंत जास्त दुमडते आणि तापते. हळूहळू उतरवा, वेग कमी ठेवा, आणि पक्क्या रस्त्याला लागलात की पहिल्यांदा कॉम्प्रेसर काढा.

कॅम्पर गाडीला बांधणं

खडबडीत वाटेवर एक चाक दगडावर चढतं तेव्हा चेसिस पिळवटते; शिडीसारख्या चेसिसला तसंच बनवलेलं असतं. कॅम्पर मात्र ताठ पेटी आहे. ताठ पेटी पिळणाऱ्या तुळयांना चारही कोपऱ्यांत घट्ट बांधली, तर पेटीचे सांधे उकलतात किंवा बांधणीचे कंस तुटतात. म्हणून बांधणीत थोडी ढील देणारं काहीतरी असावं लागतं.

हौद्यात ठेवायचा कॅम्पर असेल तर खाली आधी जाड रबरी चटई अंथरा, घसरणं थांबतं. पुढच्या बाजूला लाकडी ठोकळे लावून कॅम्पर हौद्याच्या भिंतीवर आपटणार नाही असं पाहा. टर्नबकल, म्हणजे फिरवून ताणता येणारे बांधणीचे स्क्रू, चेसिसला जोडलेल्या कंसांतून घ्या. हौद्याचा पत्रा पातळ असतो, तो फाटतो. स्प्रिंग असलेले टर्नबकल मिळतात, तेच वापरा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ताणा. कॅम्पर हौद्यात बसल्यावर सैल होतोच.

हौदा काढून सपाट पाटावर कॅम्पर ठेवणं मला अधिक आवडतं. हौद्याचं वजन वाचतं, रुंदी पूर्ण मिळते, बाजूला पेट्या लावता येतात. पण मग चेसिसवर एक उप-चौकट लागते. ती मागच्या बाजूला, अ‍ॅक्सलच्या आसपास, घट्ट आणि केबिनकडच्या बाजूला दणकट स्प्रिंग लावलेल्या बोल्टांवर ठेवली, तर चेसिस पिळली की पुढची बाजू थोडी उचलली जाते आणि चेसिस सरळ झाली की परत बसते. उप-चौकटीची पुढची टोकं सरळ कापू नका, तिरपी कापा. काटकोनी टोक जिथे टेकतं तिथे चेसिसवर ताण एकवटतो. हौदा काढला की इंधन भरायच्या नळीला आणि मागच्या दिव्यांना नवी जागा लागते, हे आधीच आखून ठेवा.

केबिनचं छत आणि कॅम्परचा पुढे आलेला पलंग यांच्यात किमान चार बोटं अंतर हवं. खात्री करायची सोपी रीत: एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक उंचवट्यावर चढवा, खाली उतरा, आणि चारही बाजूंनी कुठे काय घासतंय ते पाहा.

वीज आणि गॅस

कॅम्परला स्वतःची बॅटरी हवीच. 100 अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी 25 ते 30 किलोंची असते, तेवढ्याच क्षमतेची लिथियम-आयर्न-फॉस्फेट 11 ते 13 किलोंची. शिवाय तिची जवळजवळ सगळी साठवण वापरता येते. किलोंचा हिशेब आठवा आणि परवडत असेल तर लिथियम घ्या. मात्र ती थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती भरताना इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जातो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. आजच्या अनेक गाड्यांमध्ये अल्टरनेटर आपला व्होल्टेज सतत वर-खाली करतो, त्यावरही हाच उपाय. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, थंड मुलखात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वायर जाड घ्या. इंजिनपाशी असलेल्या बॅटरीपासून कॅम्परपर्यंत 6 मीटर, प्रवाह 40 अँपिअर, वायर 16 चौरस मिलिमीटरची, तर जाऊन-येऊन अर्धा व्होल्ट वायरमध्येच हरवतो. 35 चौरस मिलिमीटरच्या वायरीत तो पाव व्होल्टच्या आत राहतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात. कॅम्पर काढता-घालता यायचा असेल तर जोडणीला अँडरसन प्लग, म्हणजे जास्त प्रवाह पेलणारा ओढून सुटणारा प्लग, लावा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. सिलिंडरला वेगळा, आतून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारं छिद्र असलेला कप्पा हवा, सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला. झोपण्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय एकही रात्र काढू नका. यात तडजोड नाही.

विंच आणि सुटकेचं सामान

विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट हवी. 3200 किलोंच्या गाडीला 4800. म्हणजे 9500 पौंडांची, सुमारे 4300 किलोंची विंच कमी पडते, 12000 पौंडांची, सुमारे 5440 किलोंची पुरते. लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, दोर जितका गुंडाळलेला तितकी ती घटते. पोलादी तारेऐवजी कृत्रिम धाग्याचा दोर घेतला तर नाकावरचे काही किलोही वाचतात. ओढण्यासाठी चेसिसला जोडलेले, क्षमता लिहिलेले हुकच वापरा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका. तो तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्यात माणसं मेली आहेत.

निघण्यापूर्वी आणि वाटेत

सगळं झाल्यावर गाडी पुन्हा काट्यावर न्या: टाकी भरलेली, पाणी भरलेलं, सगळी माणसं आत. तिन्ही मर्यादा तपासा. जीव्हीएम ओलांडत असेल तर सामान काढायचं. जाड पाटे बसवले म्हणून कागदावरची मर्यादा वाढत नाही. ती वाढवायची अधिकृत पद्धत तुमच्या देशात असेल तर त्या मार्गाने जा, आणि केलेले सगळे बदल विमा कंपनीला लेखी कळवा. हेडलाइटचा झोत नव्याने लावून घ्या. मागे भार आला की तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडीची नवी उंची टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवा.

पहिली सहल एका रात्रीची, घराजवळची, पण रस्ता खराब असलेली करा. तिरक्या उतारावर गाडी आडवी नेण्याचं टाळा. पाठीवर घर असताना जिथे पूर्वी सहज जायचात तिथे आता गाडी कलंडू शकते. पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर कोरड्या डांबरावर ती लावू नका, पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी झुंजतात. वळणावळणाच्या कच्च्या चढावर मात्र लो रेंज (जास्त ताकदीचे, कमी वेगाचे गिअर) लवकर लावा, क्लच किंवा ऑटोमॅटिकचं तेल तापण्याआधी.

50, 200 आणि 500 किलोमीटरला थांबून यू-बोल्ट, शॅकल, उप-चौकटीचे बोल्ट आणि टर्नबकल तपासा. पुढे प्रत्येक खडबडीत टप्प्यानंतर. टॉर्च घेऊन केबिनमागच्या फटीखालची तुळई दोन्ही बाजूंनी पाहा. चिखल असेल तर आधी धुऊन घ्या, चिखलाखाली चीर दिसत नाही. काम सोपं करायला एक युक्ती आहे: प्रत्येक नट टॉर्क पान्याने घट्ट केल्यावर त्याच्यावरून बोल्ट आणि वायसरपर्यंत पिवळ्या रंगाच्या मार्करने एक सरळ रेघ ओढायची. मग मुक्कामाला पोचल्यावर चहाचं पाणी उकळेपर्यंत गाडीखाली डोकावलं तरी पुरतं. रेघ तुटलेली दिसली की पाना काढायचा.